सत्तावीस नंबरची हातोडी

अब्दुल गनी फॉरेस्टर आमच्या गावात सहा वर्षं राहिला आणि त्या सहा वर्षांत त्याने कोणालाच सोडलं नाही, स्वतःच्या बायकोलाही नाही. नूरजहांभाभींच्या सरपणात एकदा सागाची ओली फांदी निघाली. या गृहस्थाने आपल्याच चुलीपुढे बसून पंचनामा लिहिला. माझं घर भिंतीला भिंत, म्हणून पंच मी. भाभी म्हणाल्या, "निवृत्तीभाऊ, सही करा, पण याले आता जेवू तुमीच घाला." दोन दिवस तो आमच्याकडे जेवला. भाकर मोडत म्हणायचा, "बायको माझी हाय बे, पण फांदी सरकारची हाय."

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळची ही गोष्ट. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायाशी आमचं गाव. डोंगराची एक अख्खी बाजू गनीच्या ताब्यात होती. हाताखाली जंगल राखणारे चार नाकेदार आणि कमरेला हातोडी.

आता ही हातोडी म्हणजे खिळे ठोकायची नव्हे. एका अंगाला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या अंगाला लोखंडी ठसा. ठशात गोल, गोलात सत्तावीसचा आकडा. पात्याने साल काढायची, ठसा हाणायचा, की ते लाकूड कायद्याचं झालं. अशी हातोडी चोराच्या हाती लागली तर त्याला डोंगर आंदण दिल्यासारखंच. म्हणून खात्याचा नियम कडक होता: ज्याची हातोडी हरवली त्याची नोकरी गेली. गनीच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. रात्री तो हातोडी उशाखाली घेऊन झोपे. भाभी तिला लोखंडी सवत म्हणत.

होळीनंतरचा मंगळवार होता. झुंबरबाईने घराला नवं दार बसवलं होतं, ते पाहायला गनी गेला. झुंबरबाई म्हणजे साठीची विधवा. तिच्याशी वाद घालायला पाटीलसुद्धा धजत नसे. मी दाराशी उभा होतो.

"दाराच्या लाकडाले शिक्का नाही, बाई."

"मंग जात्याच्या खुंट्याले तरी कुठं हाय? मुसळाले हाय? त्याईलेबी नेशीन काय?"

"नेईन! बिनशिक्क्याचं एकबी लाकूड गावात ठेवणार नाही म्या. मी वापस येईपर्यंत शिक्का दिसला पायजे!"

एवढ्यात नाकेदार धावत आला. डोंगरावर वणवा लागला होता. ताकाचा गडवा तोंडाला लावण्यासाठी गनीने हातोडी ओट्यावर ठेवली होती. तो तसाच उठून पळाला, आणि त्याच्या मागे गावातले आम्ही वीसेक धडधाकट गडी. दोन दिवस, दोन रात्री आम्ही ओल्या फांद्यांनी आग झोडपली. गुरुवारी सकाळी खाली उतरलो तेव्हा गनीच्या भुवया जळून गेल्या होत्या. त्याने कमरेला हात लावला, मग मागेपुढे चाचपून पाहिलं.

"निवृत्ती, हातोडी."

"अशीन इथंच."

"उद्या रेंजर सायेब येऊन राह्यले. हातोड्या तपासाले."

राखेत पडली असेल असं त्याला वाटत होतं. झुंबरबाईचा ओटा आम्हा दोघांनाही आठवला नाही. दोन रात्रींच्या जागरणाने डोकं चालत नव्हतं. म्हटलं, आधी चहा घेऊ. त्याला माझ्या घरी आणलं, बाजेवर बसवलं. त्याने मान खाली घातली आणि बाजेच्या पायावर त्याची नजर खिळली. गोल आणि गोलात सत्तावीस, वरून काजळ लावून उठावदार केलेलं.

"हे कोणं मारलं?"

माझी बायको आशाबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "म्याच मारलं. दोन घंटे उभी होती, मंग नंबर लागला."

त्याचं काय झालं होतं, की गनी 'शिक्का दिसला पायजे' म्हणून ओरडला आणि हातोडी ओट्यावर ठेवून गेला. झुंबरबाईने सरळ अर्थ लावला: शिक्का मारून घ्या म्हणून ठेवून गेला. तिने दार, मुसळ, पोळपाट, रवी, सगळ्यांवर ठसे हाणले आणि हातोडी शेजारणीला दिली. शेजारणीने पुढे दिली. सहा वर्षांत गनीने गावाला इतकं शिस्तीत आणलं होतं, की एकाही घराने चुकवलं नाही.

आम्ही घरोघर निघालो. प्रत्येक घरी शिक्के सापडत आणि हातोडी पुढे गेलेली असे. पंजाबराव पाटलाने चावडीची खुर्ची आणि मेज ठोकून घेतलं होतं. रंगराव न्हाव्याने वस्तऱ्याच्या पेटीवर तीन मारले, कमी पडू नये म्हणून. एकाच्या बैलाच्या शिंगावर ठसा दिसला.

"अबे, हे काय लाकूड हाय?"

"नाही, पण राहू द्या म्हटलं. तुमचा काय भरोसा!"

गनी चिडू शकत नव्हता. कोणाला धरायचं? शिक्का तर त्याचाच.

शेवटचं घर शालिग्राम सुताराचं. तो नव्हता. बायको म्हणाली, "जामोदले गेले, माह्या माहेरी. तिथची बैलगाडी बिनशिक्क्याची हाय." आम्ही तसेच जामोदला गेलो. तिथे गाडीवर शिक्का होता, शालिग्राम नव्हता. सासरा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "जावई लय कामाचा! मावसभावाच्या घरी गेला. त्याच्याकडं दोन गाड्या हायेत." कोणत्या गावी, ते त्याला सांगता येईना.

शुक्रवारी सकाळी रेंजर भगवंतराव घोड्यावरून आले. चावडीतल्या शिक्क्याच्या खुर्चीवर बसले, शिक्क्याच्या मेजावर कागद मांडले आणि म्हणाले, "गनी, हातोडी."

मी त्याला शिकवून ठेवलं होतं, की म्हण नाकेदाराकडे आहे, वर डोंगरात. पण हा गनी. टाचा जुळवून उभा राहिला.

"नाही, सायेब. मंगळवारी गावात इसरलो. आता कुठं हाय, मले ठाव नाही."

 भगवंतराव काही वाईट माणूस नव्हते. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी दौत उघडली. तेवढ्यात झुंबरबाई पुढे आली.

"त्याची नोकरी खाऊन राह्यले काय, सायेब? मंग माह्यं नाव पह्यले लिहा. शिक्के म्या मारले."

"लिहीन, बाई."

"माह्या मांगं साऱ्या गावाचं लिहा. वस्तूवार. गनीमिया वस्तूवारच लिहिते."

भगवंतरावांना वाटलं, म्हातारी भिईल. त्यांनी खरंच लिहायला घेतलं. मुसळ एक, लांबी, जाडी, लाकूड कोणतं? झुंबरबाई म्हणे खैर, पाटील म्हणे बाभूळ. त्यावर घटकाभर भांडण. मग रवी. रवीचा दांडा वेगळा मोजायचा का? गनीच अदबीने म्हणाला, "नियमाप्रमाणं येगळा, सायेब. अन् कागदाच्या तीन प्रती." दुपार झाली तेव्हा एका घराचा पंचनामा झाला होता. अजून ब्याऐंशी घरं होती. मागे लोक आपापले पाट, पाळणे, काठवटी डोक्यावर घेऊन रांगेत उभे होते, आणि रांगेत एक बैलही होता.

भगवंतरावांनी घाम पुसला. झुंबरबाईची नजर त्यांच्या हातातल्या छडीवर गेली.

"छडी मोठी नामी हाय, सायेब. कोणत्या जंगलातली?"

साहेबांनी छडी मेजाखाली घेतली. आणि खरं सांगतो, गनी मेजाखाली वाकून पाहायला लागला! मी त्याचा सदरा ओढून धरला.

तेवढ्यात रस्त्याने शालिग्राम सुतार आला, घामाघूम, खांद्यावर धोतरात गुंडाळलेली हातोडी. गर्दी पाहून त्याला वाटलं, आपलीच वाट पाहतात.

"माफी द्या, सायेब! मावसभावाच्या गावात रांग लागली. तिथंबी लय लोक बिनशिक्क्याचे."

भगवंतरावांनी हातोडी हातात घेतली. पातं पाहिलं, ठसा पाहिला, आकडा वहीशी ताडून पाहिला.  मग त्यांनी झुंबरबाईच्या घराचे कागद चार घड्या करून खिशात घातले आणि गनीकडे राहणारं तपासणीचं बुक उघडलं.

गनी म्हणाला, "सायेब, तीन दिवस माह्याजवळ नव्हती, तेबी लिहा."

"लिहितो. त्या तीन दिवसांतले दोन दिवस तू कुठं होतास?"

"वणव्यावर."

"विझला?"

"इझला, सायेब."

साहेबांनी त्याच्या बिनभुवयांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं. ते गेल्यावर पाटलाने नोंद मोठ्याने वाचून दाखवली: "फॉरेस्टर हजर. वणवा विझवला. हातोडी क्रमांक सत्तावीस हजर, सुस्थितीत, वापर भरपूर."