मरळीसाठी झाडं

माझे पती गेले तेव्हा त्यांच्या वस्तूंचं काय करायचं हे ठरवायला घरात माणसांची कमी नव्हती. कपडे वाटून टाका, दुचाकीचं भंगार देऊन टाका, दुकानातली हत्यारं धाकट्या भावाला द्या. यातल्या कशालाच मी नाही म्हटलं नाही. मग पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवून दीर म्हणाले, "आन् ह्यो मासा भाटघरच्या धरणात सोडू." तेव्हा मात्र माझ्या अंगात काहीतरी पेटलं. ते अजून विझलेलं नाही.

ती मरळ आहे. भोरच्या बाजारात यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. भाटघरच्या एका कोळ्याने मोटार दुरुस्तीला आणली तेव्हा बरोबर एका बाटलीत बोटाएवढं तांबूस पिल्लू दिलं, गंमत म्हणून. ते पिल्लू वाढत माझ्या हाताएवढं लांब झालं. यांनी तिच्यासाठी पलंगाएवढी टाकी बनवली, जुन्या पंपाची गाळणी बसवली. मरळ उडी मारते, म्हणून वर काचेचं झाकण आणि झाकणावर माझा वरवंटा. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच होता.

टाकीत प्लॅस्टिकची झाडं होती, हिरवी आणि एक जांभळं. यांना ती आवडत नसत. खरी झाडं लावायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. नदीकाठची लांब पात्यांची पाणवेल आणून वाळूत खोचली. मरळीने एकदा अंग वळवलं आणि सगळी वेल वर तरंगायला लागली. मी म्हटलं, "राहू दे ना. आहे ते छान दिसतंय." ते म्हणाले, "आपल्याला छान दिसावं म्हणून न्हाई गं. तिला आडोसा पायजे. चोवीस तास कुणीतरी बघतंय म्हटल्यावर कसं जगायचं तिनं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कापूरहोळच्या फाट्यावर ट्रकने त्यांना उडवलं.

सुतकात घरात मासळी-मटण येत नाही. मरळीला मात्र सुतक कळत नाही. तिला रोज कोळंबी लागायची. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माझा ल्योक गेला आन् तुला माशाच्या पोटाची पडलीय?" त्यांच्याशी काय बोलणार? त्यांचं दुःख माझ्याहून जुनं होतं. मी परसात गेले आणि खुरप्याने गांडुळं उकरून काढली. भेटायला आलेल्या बायका पडवीतून बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या." मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. रडणारी बाई लोकांना कळते. चिखलाचे हात घेऊन आत येणारी आणि कुणाशी न बोलणारी कळत नाही. ती बिचारी होते नाहीतर वेडी.

सुतक फिटलं त्या दिवशी घरभर गोमूत्र शिंपडलं. मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले तर दिरांनी वरवंटा खाली ठेवला होता, झाकण सरकवलं होतं, आणि तांब्यात उरलेलं सगळं टाकीत ओतलं होतं.

"ह्याचंबी सुतक फिटू दे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, चेष्टेने नाही. त्यामुळेच मला जास्त राग आला. चेष्टा केली असती तर भांडता आलं असतं.

पाणी गढूळलं. मरळ तळाला जाऊन बसली आणि काळी पडली. मी बादलीने पाणी उपसलं, साठवलेलं भरलं, पुन्हा उपसलं. कुणी हात लावायला आलं नाही, आणि आलं असतं तरी मी लावू दिला नसता. मरळ जगली. बाहेरची हवा घेणारा मासा आहे तो, चिवट असतो. दीर वेल्ह्याकडच्या गावी परत जाताना म्हणाले, "वहिनी, म्या पुन्यांदा येतो पिंप घिऊन. दादाला पुण्य लागंल."

धरणात सोडली असती तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. ही माणसाच्या हाताला वर येणारी मरळ. आठवड्याच्या आत कुणाच्या तरी जाळ्यात जाऊन तिचं कालवण झालं असतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मला वाचता येतं, तेवढंच येतं. तेव्हा मी वाचायला घेतलं. झाडं पाण्यातली घाण शोषून घेतात हे कळलं, म्हणजे तो तांब्या ओतला तेव्हा टाकीत खरी झाडं असती तर थोडा तरी आधार झाला असता. हे वाचून मला यांचाच राग आला. दोनदा करून का सोडलंत? तिसऱ्यांदा करायला काय झालं होतं? उत्तर माहीत असूनही मी हा प्रश्न बरेच दिवस विचारत राहिले.

पुण्यात माशांच्या एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "मरळ? मॅडम, ती हॉटेलात मिळते."

"माझ्या घरी आहे. तिच्यासाठी झाडं हवीत."

"मोठ्या शिकारी माशाला झाडं टिकत नाहीत. प्लॅस्टिकची न्या. धुवायची, परत टाकायची."

"कुठली टिकत नाहीत?"

"कुठलीच नाही हो."

"तुम्ही कुठली लावून बघितलीत?"

तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. मी तिथेच उभी राहिले. मी शांत बाई आहे. पण त्या दिवशी काउंटरसमोरून हलले नाही, आणि मागची माणसं चुळबुळ करायला लागली तेव्हा त्याला माझ्याकडे बघावं लागलं.

मला काय हवं ते मी ठरवून गेले होते. वाळूत मुळं धरणारं काहीही नको, कारण ती मुळं धरेपर्यंत मरळ थांबणार नाही. नाजूक पानांचं नको. अनुबियास घेतलं, त्याची पानं फणसाच्या पानासारखी जाड आणि चिवट. जावा फर्न घेतलं. दोन्हींना मातीची गरज नसते. उलट त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. ती दगडाला, लाकडाला बांधायची. दोन्हींना उजेडही कमी लागतो, आणि मरळीलाही अंधारच हवा असतो.

दगड नीरेच्या पात्रातून आणले, मरळीला ढकलता येणार नाहीत असे. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. तिथून एक वेडंवाकडं खोड रिक्षात घालून आणलं आणि पिंपात भिजत ठेवलं. शिवणाच्या काळ्या दोऱ्याने एकेक झाड बांधलं. वर पाण्यावर तरंगणारी बारीक पानं सोडली, पण यांच्या दुकानातल्या नळीचं कडं करून त्यातच अडवली, म्हणजे मरळीला हवा घ्यायला एक कोपरा मोकळा राहील. प्लॅस्टिकची झाडं कचऱ्यात टाकली. जांभळं आधी मोडलं, मग टाकलं.

लाकडाचा रंग उतरून पाणी चहासारखं झालं. मरळ खोडामागे गेली आणि दिसेनाशी झाली. काहीही उपटलं गेलं नाही. मी खुर्ची ओढून बसले, आणि पहिल्यांदा नीट रडले.

दीर आले ते खरोखरच पिंप घेऊन, टेम्पोतून. चहा देईपर्यंत त्यांनी टाकीसमोर वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. मग सरळ झाले.

"सोडला व्हय? लई बरं केलं वहिनी. म्या म्हनलंच हुतं आईला, वहिनी शिकल्याल्या हायेत, समजून घेतील."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी चहा संपवून पिंप उचललं असतं की सगळं मिटलं असतं. कुणाला काही सांगायचं नाही, भांडायचं नाही. मरळ खोडामागे होती. मी तिच्याकडे न बघता मनात म्हणत होते, अजून थोडं थांब.

ती थांबली नाही. मोकळ्या कोपऱ्यात वर आली, तोंडाने चप् करून हवा घेतली आणि पुन्हा फर्नमध्ये गेली. दिरांचा कप हातातच राहिला.

"वहिनी! तुमी तर म्हनला सोडला."

"मी काहीच म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात."

"आवं, पन घरात जीव खानारा जीव..."

"ती राहणार." माझा आवाज मला परका वाटला, इतका मोठा होता. "तुमच्या भावाने तिला वाढवलं. आडोसा मी केलाय. आता तिला कुणी बाहेर काढायचं नाही. झाकणाला हात लावायचा असेल तर आधी मला बाजूला करा."

ते टाकीकडे बघत राहिले. मग वरवंट्याकडे. मग माझ्याकडे, आणि मला वाटतं भाऊ गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"दादाबी असाच वरडायचा," ते म्हणाले. "झाकनाला हात लावला की."

पिंप त्यांनी रिकामंच टेम्पोत टाकलं. सासूबाईंना काय सांगितलं मला माहीत नाही. माझा राग गेलेला नाही. ट्रकवाल्यावर आहे, तांब्यावर आहे, यांच्यावरही आहे. त्या संध्याकाळी अनुबियासला एक नवं पान आलेलं दिसलं, अजून गुंडाळलेलं. मी कोळंबी सोलून आणली, वरवंटा उचलला, झाकण सरकवलं आणि मोकळ्या कोपऱ्यावर हात धरून उभी राहिले.