उपडी थाळी

जनरलसाहेब लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रामस्टॉपवरही सलामी घ्यायला उभे असल्यासारखे उभे राहत. हातात मात्र पालेभाजीची पिशवी असे. ते मूळचे ब्रह्मदेशाचे. साधे शिपाई म्हणून भरती झाले, जनरल झाले, पुढे मंत्री झाले आणि शेवटी देश सोडून इथे आले. आमच्या बुद्धविहारात रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि भाजी चिरायला ते. तरुणपणी भारतात लष्करी शिक्षण झालेले, म्हणून मोडकी हिंदी बोलत. मला "बहन" म्हणत.

चिरलेल्या गाजराचे तुकडेसुद्धा ते रांगेत मांडत. मी एकदा धीर करून विचारले, "मंत्री असताना काय करत होता?"

"डोंगरातल्या बंडखोरांशी तह केला. महिनोन्‌महिने त्यांच्याबरोबर कडू चहा प्यायलो. गोळी कुणीही झाडतो, बहन. समोर बसून राहायला छाती लागते."

त्यांची थोरली बहीण गावी एकटी राहत होती. तिला एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

मग एका रविवारी त्यांच्या सरकारचा माणूस विहारात आला, भाताचे मोठे पातेले घेऊन. त्यांच्या भाषेत बराच वेळ गोड बोलला. शेवटी स्वतः वाढायला वाकला, तशी जनरलसाहेबांनी आपली थाळी उपडी केली. तो माणूस लालबुंद होऊन निघून गेला.

"अहो, अन्नाचा असा अपमान?" मी म्हणाले.

"ज्याचं दान नको, त्याच्यापुढे आमचे भिक्खू पात्र उपडं करतात. मी मंत्री असताना शिपायांनी मुलांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी भिक्खूंनी माझ्यापुढे पात्र उपडं केलं. त्याच दिवशी मी खुर्ची सोडली. आज हा म्हणतो, टीव्हीवर सांगा, तो गोळीबार बरोबर होता, मग घरी या."

"आणि ताई?"

"हा निरोप आधीच आला होता, तेव्हा तिलाच फोन केला. म्हणाली, असं बोलून आलास तर दार उघडणार नाही." ते हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

या हिवाळ्यात ते गेले. मी आणि माझी सून त्यांची खोली आवरत होतो, तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. वर ताईंचा फोटो. त्यांना अजून कुणी कळवले नव्हते.

सून म्हणाली, "आई, राहू द्या. त्यांची भाषा येणारं कुणीतरी बघू."

मी मुलाचा फोनही बिचकत घेते. पण हा घेतला. ताई काहीतरी विचारत होत्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा. मी डोळे मिटले आणि अंत्यविधीला म्हणतात ती पाली गाथा म्हणू लागले. पलीकडचा तो शब्द थांबला. मग एक थकलेला आवाज माझ्या आवाजात मिसळला. त्यांचे उच्चार निराळे, माझे निराळे. गाथा संपली, तशी ताईंनी ती पुन्हा पहिल्यापासून धरली. मी त्यांच्या मागून म्हणत गेले.