धडगावची हीलर

जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये गावातला जो म्हातारा सर्वांत आधी वाकून नमस्कार करतो, तोच शेवटी दगा देतो. दहा-बारा गेम खेळल्यावर काढलेला हा माझा निष्कर्ष. तरीही मला हेच गेम आवडतात, कारण त्यांत प्रत्येकाला आपली पाळी मिळते आणि तोवर कुणी मध्ये बोलत नाही. आमच्या नंदुरबारच्या घरात अशी सोय नाही.

आमचा अशा गेमच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन गट आहे. तिथली मुलं जपानवर फिदा आहेत. जपानी माणूस मनातलं एक ठेवतो आणि बोलतो दुसरं, हे ती कौतुकाने सांगतात. आमच्याकडे त्याला लपवाछपवी म्हणतात. मी तिथे फारसं लिहीत नसे. माइक तर कधीच चालू केला नाही.

चौघांच्या आमच्या टीममध्ये एक हीलर होती. जखमी झालेल्याला बरं करणं हे तिचं काम. माझं पात्र मरायला टेकलं की ती न मागता आपली पाळी माझ्यावर खर्च करायची. बरं वाटायचं, आणि शंकाही यायची. कुणी उगाच इतकं चांगलं का वागेल? तिने मला एकदा विचारलं, "तू कुठली?" मी सांगितल्यावर लगेच म्हणाली, "अगं, मी धडगावची! एकच जिल्हा!" तो लगेच आलेला आनंद मला खटकला. मुलींशी बोलता यावं म्हणून मुलगी असल्याचं सोंग घेणारे मुलगे मी पाहिले होते.

म्हणून एका दुपारी मी तिला अहिराणीत विचारलं, "काय करी ऱ्हायनी?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "मला हे नीट कळत नाही गं."

झालं. आपल्या जिल्ह्यातली मुलगी आणि अहिराणी कळत नाही? खरं तर मी स्वतः इंग्रजी शाळेतली. घरी सगळे अहिराणीत बोलतात आणि मी प्रमाण मराठीत उत्तर देते. ते तेव्हा आठवलं नाही. तिचं उत्तर मी गटात टाकलं आणि खाली लिहिलं, "ही खोटी आहे." तिला कुणी काही विचारलं नाही. पाच मिनिटांत तिला काढून टाकलं. "ताई तर पोलीस निघाली!" एकाने लिहिलं. मला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी पप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "धडगावच्या मुलीला अहिराणी येत नाही, असं होतं का?"

"तठे अहिराणी कोन बोलस? घरमा पावरी बोलतस," पप्पा म्हणाले. पावरी म्हणजे तिकडच्या पावरा आदिवासींची बोली; मी लहान असताना पप्पांची तिथे बदली झाली होती. "तुले इतलं बी माहीत नही?"

"हिले काय माहीत," आई म्हणाली. "हिना नकाशा प्रकाशाले संपस." प्रकाशा हे तापीकाठचं गाव; धडगाव त्याच्याही पलीकडे, सातपुड्यात.

चहा तसाच राहिला. माझ्या जिल्ह्याच्या अर्ध्या भागात घरी काय बोलतात, हे मला माहीत नव्हतं, आणि त्यावरून मी एका मुलीला खोटं ठरवलं होतं. माझ्याशी गेमपलीकडचं बोलणारी ती एकटीच होती.

मी गटात चूक कबूल केली. तिला परत बोलावलं. ती आली नाही. मग तिला वेगळा निरोप लिहिला. आधी इंग्रजीत लिहिला, पण त्यात माफी फार सहज मागता येत होती. खोडला आणि मराठीत लिहिला.

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. एका मुलीचा, किंचित घोगरा आवाज. चार-पाच वाक्यं, सगळी पावरीत. मला एक अक्षर कळलं नाही. शिव्या असाव्यात, असंच आधी वाटलं. खाली लिहिलं होतं: "सांग, मी काय म्हटलं?"

"कळलं नाही," मी लिहिलं.

"मग तूही नंदुरबार जिल्ह्याची नाहीस."

हे तिने हसत लिहिलं की रागाने, ते मला ओळखता आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

शनिवारी ती गेममधल्या गावाच्या चौकात दिसली, दुसऱ्या टीमबरोबर. तिने मला पाहिलं असावं. थोडं थांबून ती त्यांच्याबरोबर पुढे गेली. आमच्याकडे आता नवा हीलर आहे. तो कुठला, हे मी अजून विचारलेलं नाही.