तळव्यावर तोललेला नकली मासा

मुलीसाठी मासेमारीची काठी घ्यायला शारजातल्या दुकानात गेलो. सेल्समनने विचारलं, "ल्यूर किती वजनाचा टाकणार?" माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही, माझ्यावरच.

बारा वर्षांपूर्वी रत्नागिरीहून अब्बा आले होते. जन्मभर त्यांनी होडीतून नुसत्या हाताने, तंगुसाच्या दोरीवर सुरमई ओढलेली. गल्फमधला मुलगा म्हणून मला त्यांना भारीतलीच काठी घेऊन द्यायची होती. दुकानात मी काठ्या बघत असताना अब्बांनी ल्यूर उचलला. वीतभर लांबीचा तो लाकडी नकली मासा, ताज्या रंगाचा वास येणारा. तळव्यावर ठेवून ते कितीतरी वेळ तोलत राहिले.

"हा जड आहे रे. ह्या काठीला पेलेल?"

"अब्बा, तुम्ही कधी काठी धरलीय का? इथली सगळ्यात महाग आहे ही. यल्ला, चला."

हमरियाला समुद्राकाठच्या दगडी बांधावर तोच ल्यूर लावला आणि पहिल्याच फेकीला काठीचं टोक कडकन मोडलं. मी दुकानदाराला शिव्या घालत बसलो. अब्बांनी मोडक्या काठीची दोरी सोडवली, बोटाला गुंडाळली आणि हातानेच गळ टाकला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता अब्बा नाहीत.

"डॅड, ही इज वेटिंग," मुलगी म्हणाली.

मी समोरचा ल्यूर तळव्यावर घेतला. तोच रंगाचा वास. डोळे मिटून तोलला, पुन्हा तोलला. काही केल्या वजन कळेना.

शेवटी ल्यूरच्या खोक्यावर छापलेला आकडा वाचून सांगितला.