रिहाबबाई आणि न जमलेला साबण

नाब्लुसजवळच्या आमच्या गावात तेलाची नासाडी म्हणजे पाप. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते पाप माझ्या माथी आलं होतं. तरले ते रिहाबबाईंमुळे. त्यांचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

घाण्यावरून नवं ऑलिव्हचं तेल आलं की जुन्याचा साबण करायचा, ही आमची रीत. सासूबाईंनी तेल तापवलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं आणि दांडा माझ्या हाती दिला. "एकाच बाजूनं फिरव. उलटं फिरवलंस तर साबण फाटतो." मी दुपारभर घाटलं, पण वरचा तेलाचा थर हलेना.

"उलटं फिरवलंस."

"नाही हो, आई."

"मग तेलाला तुझं तोंड आवडलं नाही वाटतं. उद्या तुझ्या आईलाच बोलावते. बघू दे लेकीचे प्रताप."

माझ्या आईची मान खाली जाणार, या विचारानं मी रडतच शेजारी गेले. रिहाबबाईंनी उभा जन्म मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. सैन्यानं रस्ते बंद केले की त्या आम्हाला आपल्या ओसरीवर बसवायच्या. आमचं पहिलं समीकरण ताटात मांडलेलं होतं. दहा रोट्या, बारा फलाफल म्हणजे चण्याचे वडे, एका रोटीत तीन. किती जणी जेवल्या? चौघी. "मग उरलेल्या रोट्या वाया गेल्या का गं? फलाफलची वाट बघतायत त्या." बाई फटकळ. चुकलं की म्हणायच्या, "डोकं आईनं भाजीत घातलं का तुझं?" पण चुकणारीला आधी वाढायच्या.

त्या घरच्या सपाताच घालून आल्या. कढईत डोकावल्या, मग कॉस्टिकचा डबा उचलला. झाकण सैल होतं आणि आतल्या दाण्यांचा गोळा झाला होता. डबा कायम सासूबाईंच्या ताब्यात असायचा.

"उम्म फायेझ," फायेझच्या आईला, म्हणजे सासूबाईंना, बाई म्हणाल्या, "तेल शाबूत आहे. कॉस्टिक कमी पडलं."

"मी स्वतः तोललंय."

"तोललं बरोबरच. पण हे हवेतला ओलावा पितं, हवेनं मरतंही. तराजूत ते पाणीही तोललं गेलं, खरं कॉस्टिक कमीच भरलं. रोट्या उरल्या, फलाफल संपले."

"कसले फलाफल?"

मला रडता रडता हसू फुटलं. झाकण कोणी सैल ठेवलं, हे बाईंनी विचारलंच नाही.

त्यांनी ताजं कॉस्टिक मागवलं, ते पाण्यात सोडलं आणि निवल्यावर थोडं थोडं कढईत ओतत गेल्या. ओतायचं, घाटायचं, थांबायचं. दर खेपेला दांड्यावरचा कण सासूबाईंनी जिभेच्या टोकाला लावायचा. आमच्याकडे साबण असाच पारखतात, कॉस्टिक जास्त झालं की जीभ झोंबते. "हे काम तुमचंच," बाई म्हणाल्या. "एवढी तिखट जीभ पंचक्रोशीत नाही." सासूबाई ओठ दाबून हसल्या. हळूहळू थर विरला, साबण दाटला आणि दांड्यामागे रेघ उमटून राहायला लागली. शेवटचा कण चाखून सासूबाई म्हणाल्या, "झोंबत नाही. जमला."

बाई चहालाही थांबल्या नाहीत.

सासूबाईंनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं, वरून पुन्हा दाबलं. मग दांडा माझ्यापुढे धरला.

"कुठल्या बाजूनं फिरवू?" मी विचारलं.

"तुला हवं त्या बाजूनं." जरा वेळानं, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आणि आईला निरोप धाड. उद्या वड्या कापायला ये म्हणावं. तिच्या वाटणीच्या घेऊन जाऊ दे."