बर्फावरचा केशरी फेटा

उंब्रजजवळच्या आमच्या गावात अजूनही सांगतात की, जत्रेच्या कुस्तीत जिंकलेला केशरी फेटा आमच्या पैलवानाने लष्करात असताना दारूपायी विकला. ते खोटे आहे. फेटा कुठे गेला हे मला ठाऊक आहे, कारण त्याची एक पट्टी माझ्या कमरेला होती.

पैलवान आणि मी एकाच तालमीतले, बरोबरच भरती झालेले. स्वातंत्र्यानंतर काश्मीरची लढाई पेटली आणि आमची तुकडी वर गेली. हिवाळा सरताना उंचावरच्या एका चौकीला शिधा पोचवायचे काम आमच्याकडे आले. वाटेत एक मोठी उघडी उतरण आडवी लागायची. तिच्या माथ्यावर हिवाळाभराचा बर्फ साचलेला.

सुभेदारांनी नेम घालून दिला होता. रात्रीच्या थंडीने बर्फ दगडासारखा गोठलेला असतो, तेव्हा पहाटेच ओलांडायचे. उन्हे चढली की बर्फात पाणी मुरते आणि अख्खी उतरण सुटून खाली येते. एका वेळी एकानेच जायचे, बाकीच्यांनी खडकाआड थांबून त्याच्यावर डोळा ठेवायचा. ओझ्याचे पट्टे सैल ठेवायचे, म्हणजे वेळ आली तर ओझे टाकता येते. आणि कमरेला लांब रंगीत दोरी बांधून मागे सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहते.

दोऱ्या सगळ्यांना पुरल्या नाहीत. पैलवानाने पिशवीतून फेटा काढला आणि दातांनी फाडायला घेतला.

"आरं, गावाचा मान हाय त्यो!" मी ओरडलो.

"मान ठिवायला डोस्कं तर ऱ्हायला पायजे," तो म्हणाला. "धर ही पट्टी. तुज्या डोस्क्यात तसंबी काय न्हाई, कमरंला बांध."

पाडव्याच्या पहाटे आम्ही चौकीवर शिधा पोचवला. सामान लावण्यात सकाळ गेली. आता दुसऱ्या पहाटेपर्यंत थांबणे भाग होते. पण खाली तळावर, पलटणीच्या लंगरात, सणाच्या पुरणपोळ्या व्हायच्या होत्या, आणि आभाळ निळेभोर होते. आम्ही महाबळेश्वरचा घाट बघत वाढलेली माणसे. आमच्याकडे दरड पावसात कोसळते. उघडीप पडली की घाटात भीती नाही. नेम मला पाठ होता, पण ती उघडीप अंगात मुरलेली होती.

"ऊन पडलंय गड्या, आता कसलं भ्या?" मी म्हणालो.

"ऊन पडलंय म्हनूनच. पाय किती रुततोय बघ की."

"मग तू बस माश्या मारत. तुजी पोळीबी मीच खातो."

त्याने माझा दंड धरला, मी झटकला. शेवटी पुटपुटत त्याने माझ्या कमरेला पट्टी स्वतः आवळली. "लय शाना हाईस. मरायचं तर मर, पर पट्टी लावून मर."

निम्म्यात पोचलो असेन. वर कुठेतरी धान्याचे पोते आपटावे तसा आवाज झाला आणि पायाखालची जमीन चालू लागली. मग अंधार, आणि छातीवर ओल्या चुन्यासारखे ओझे.

पुढचे मला इतरांनी सांगितले. पैलवान आंधळेपणाने धावला नाही. मी शेवटचा दिसलो ती जागा त्याने नजरेत धरून ठेवली, एकाला माथ्यावरच्या बर्फावर लक्ष ठेवायला उभा केला आणि मग उतरला. केशरी टोक बर्फावर दिसत होते. ते ओढले तर तुटले असते. म्हणून पट्टीच्या कडेकडेने तो जेवणाच्या ताटलीने खणत गेला. मी डोळे उघडले तेव्हा त्याचा पहिला शब्द: "घावली का रं पोळी?"

त्या वसंतात आमच्या तुकडीतला एकही जवान बर्फाखाली राहिला नाही. बर्फ कधी न पाहिलेली सातारची पोरे होतो आम्ही. याचा मला आजही फार अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानातला मोठा वाटा पैलवानाचा आहे.

रजेवर आलो तेव्हा जत्रा तोंडावर होती. आमच्याकडे जिंकलेला फेटा बांधून पैलवान देवळापर्यंत सगळ्यांच्या पुढे चालतो. वस्तादांनी तालमीत विचारले, "फेटा कुटं हाय?"

"गेला, वस्ताद," तो एवढेच म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. गावाला मी सांगून बसलो होतो की, बर्फाचा कडा अंगावर आला आणि मी अंगच्या ताकदीने बाहेर आलो. फेट्याची गोष्ट निघाली असती तर पुरणपोळीपायी हुकूम मोडल्याचीही निघाली असती. मी गप्प राहिलो, आणि मला झाकण्यासाठी तोही. पुढे चालायचा मान त्याला परत मिळाला नाही. एका रजेपुरते गप्प राहिलो, असे तेव्हा वाटले होते. त्यात सारे आयुष्य गेले.

यंदाच्या जत्रेला मी तालमीत उभा राहिलो आणि वर लिहिले आहे ते सगळे बोललो. वस्ताद केव्हाच गेले. ऐकायला त्यांची नातवंडे होती. मग तालमीतल्या पोरांनी नवा केशरी फेटा आणला आणि काठी टेकत आलेल्या पैलवानाच्या डोक्याला बांधायला घेतला. पाठीवर सोडलेला शेमला ते आखूड करू लागले तेव्हा त्याने हात धरला.

"लांबच ऱ्हाऊ दे रं," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "ह्यो म्हातारा कुटंबी गाडला जातो."

आणि तो सगळ्यांच्या पुढे चालू लागला.