मागच्या खोलीतलं वायफाय

आईच्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून जुना राउटर मी स्वतःच जोडला आणि घरभरचं नेट घालवून बसलो. मग हा नेटवाला आला. पन्नाशीचा, कानावर टेस्टर खोचलेला. त्यानं वायर निळ्या भोकातून काढून पिवळ्यात घातली, मोबाईलवरून काहीतरी बंद केलं आणि म्हणाला, "दोन्ही राउटर मालक झाले होते की! आता जुना नुसता नेट पोचवणार."

"आईला व्हिडिओ कॉलच लागतो," मी म्हटलं. "सगळा जन्म सोलापुरात लूमवर गेला, त्या मागांच्या खडखडाटानं कान गेले. मैत्रिणीशी ती ओठांवरनं बोलते. चित्र अडकलं की दोघी हवालदिल."

तो थबकला. स्पीड तपासायचं ॲप त्यानं बंद केलं. माझा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायला लागला. मधेच दोन बोटं फिरवली, तुटलेला धागा जोडताना फिरतात तशी.

आत आई खुदकन हसली. तिनंही बोटं फिरवली. भर दुपारी दहा मिनिटं आमच्या घरात गप्पा रंगल्या आणि पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

मी बघतच राहिलो. "हे कसं येतं तुम्हाला?"

"लूमवरच्या बाईचा पोरगा हाय मी," तो म्हणाला. "आईशी बोलायचं तर शिकावं लागतंय की."

मीही लूमवरच्या बाईचाच पोरगा. चाळीस वर्षं तिच्याशी नुसता ओरडत आलो.